व्यवसायाचा रकाना

पासपोर्टच्या पडताळणीसाठी परवा चौकीत बोलावलं. याच चौकीत अकरा वर्षं क्राइम रिपोर्टर म्हणून रोज संध्याकाळी जायचो, न मागता कटिंग यायचा. परवा पाऊण तास बाकावर. चहा आला, पण माझ्या नाकासमोरून आत गेला.

"व्यवसाय?" नव्या हवालदारांनी विचारलं.

"बालसाहित्यिक."

पेन थांबलं. "म्हणजे नक्की करता काय?"

"मुलांसाठी गोष्टी लिहितो. खार, ससा, असं."

"ते झालं हो. पोटापाण्याचं?"

"तेच."

मुद्देमाल कुठे दडवलाय ते न सांगणाऱ्या संशयिताकडे पाहावं तसं त्यांनी पाहिलं. "अहो, सात वर्षांखालच्या पोरानं काही केलं, तर कायदा त्याचा गुन्हासुद्धा धरत नाही. आधी कलम ८२ होतं, नव्या संहितेत २०. मग त्याच्यासाठी केलेलं काम म्हणून कसं धरायचं?"

काय बोलणार? साहित्य अकादमीचा मुख्य पुरस्कार १ लाखाचा, बालसाहित्याचा ५० हजारांचा, तोही २०१० पासून. एसटीसारखंच, लहानांना अर्धं तिकीट! कागदवाला मात्र मला कागद अर्ध्या भावात देत नाही. आणि बातमी चुकली तर आतल्या पानात चार ओळींचा खुलासा टाकून सुटायचो; इथे चौथ्या पानावरचा पांढरा ससा नवव्या पानावर करडा झाला, तर सहा वर्षांची वाचक आईच्या फोनवरून झापते.

"माजी पत्रकार लिहा," मी म्हणालो.

खुर्ची आली. मागोमाग चहाही. याचाच जास्त राग आला.

"मग बरंच झालं की! आमच्या पोरीचं १ ऑगस्टला शाळेत टिळकांवर भाषण आहे. पहिलीत आहे. द्या खरडून, तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम. फक्त जोडाक्षरं नकोत, तिला अजून वाचता येत नाहीत."

'टिळक' जमले, 'लोकमान्य' गेले. शेंगांची गोष्ट घ्यावी, तर 'खाल्ल्या'त एकावर एक तीन अक्षरं चढून बसलेली. 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे' मध्ये मोजली, पाच निघाली. चहावर साय धरली. अर्ध्या तासानं 'टिळक फार धीट होते. ते कुणाला घाबरत नसत' इथवर पोचलो.

हवालदारांनी खांद्यावरून वाकून वाचलं.

"एवढंच?"