दुर्बिणीची पॉवर आणि डोळ्याची बाहुली

गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावर मुलांना पक्षी दाखवायला न्यायचं होतं, त्याच्या आदल्या रात्री पालकांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरला. थंडी पडली की तो दरवर्षी येतो. त्यात एकूण चार गोष्टी आहेत. डोळा हा ५७६ मेगापिक्सेलचा कॅमेरा, म्हणून दुर्बीण जितक्या मोठ्या पॉवरची तितकं जास्त दिसतं. चष्मेवाल्यांना दुर्बीण चालत नाही. दुर्बीण डोळ्याला चिकटवून धरावी लागते, म्हणून मुलांचा नंबर वाढतो. आणि दुर्बिणीतून पुनवेचा चंद्र पाहिला तर नजर जाते.

सकाळी सातवीतली एक मुलगी आलीच नाही. तिला उणे चारचा चष्मा आहे. आई फोनवर म्हणाली, "बाई, तिला काय दिसणार त्यातून? उगाच हिरमुसेल." त्या फोनामुळे हे लिहायला बसले.

५७६चा आकडा हवेतून आलेला नाही, हे आधी सांगते. शास्त्रज्ञ आणि छायाचित्रकार रॉजर क्लार्क यांनी तो मांडला. डोळ्यांपुढचा १२० अंश रुंद आणि १२० अंश उंच चौकोन घ्यायचा आणि त्यात सगळीकडे ०.३ कलेइतकं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) बारीक दिसतं असं धरायचं. १२० अंशांच्या ७,२०० कला, त्यांना ०.३ने भागलं की २४,०००, आणि त्याचा वर्ग ५७ कोटी ६० लाख. गुणाकार बरोबर आहे. पण हे नजर सगळीकडे फिरवून जमवलेलं दृश्य झालं. एका क्षणी नजर तीक्ष्ण असते ती मधल्या एक-दोन अंशांत, म्हणजे हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढ्या जागेत. बाकीच्या भागात हालचाल कळते, पण अक्षर वाचता येत नाही. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत धागे असतात साधारण दहा-बारा लाख. दुर्बीण बनवणारा या डोळ्यासाठी बनवतो, ५७६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यासाठी नाही.

आता पॉवर. या गैरसमजापायी लोकांचे पैसे वाया जातात, म्हणून इथे जरा थांबते.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८×४२ म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. दुसऱ्याला पहिल्याने भागा, ५.२५ येतील. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. डोळा लावायच्या भिंगात एक लख्ख गोल ठिपका दिसेल, तो सव्वापाच मिलिमीटरचा. दुर्बिणीने गोळा केलेला सगळा प्रकाश या ठिपक्यातून बाहेर पडतो. त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. आपल्या डोळ्याची बाहुली नेमकी या ठिपक्यावर यावी लागते. भर उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते, अंधारात तरुण माणसाची सातपर्यंत उघडते, आणि साठीत बहुधा पाचच्या आसपास अडते.

आता २०×५० घ्या. ठिपका अडीच मिलिमीटरचा. चोडणच्या खारफुटीत पहाटे, फांद्यांखालच्या काळोखात, बाहुली पाच मिलिमीटर उघडलेली असते आणि दुर्बीण तिला अडीचचाच ठिपका देते. क्षेत्रफळ चौथा हिस्सा, म्हणून खंड्याचा निळा रंगही चौथ्या हिश्शाच्या उजेडात पाहायचा. शिवाय हाताचा कंप वीसपट. आठपटीच्या दुर्बिणीत साधारण साडेसात अंश आकाश मावतं, तर विसपटीत तीनेक. मूल पक्षी शोधत राहतं, तोवर पक्षी उडून जातो.

माझे मामा तारवटी होते, आयुष्य बोटीवर गेलं. त्यांची दुर्बीण ७×५०ची. लहानपणी मला वाटायचं, एवढी जड आणि फक्त सातपट? ठिपका सात मिलिमीटरचा का, ते खूप उशिरा कळलं. रात्रीच्या पहाऱ्यात तरुण खलाशाची पुरती उघडलेली बाहुली त्या ठिपक्याने भरते. दिवसा बाहुली लहान असते, पण तेव्हाही बोट हेलकावली आणि डोळा दोन मिलिमीटर सरकला तरी ठिपक्याच्या आतच राहतो, दृश्य काळं होत नाही. साठी ओलांडल्यावर मात्र त्याच दुर्बिणीतला कडेचा प्रकाश मामांच्या बुबुळावर सांडत होता. पाच मिलिमीटरच्या बाहुलीला ती ७×३५सारखीच. दुर्बीण तीच होती, डोळा बदलला होता.

हे नातं जुनं आहे. गॅलिलिओच्या १६०९च्या दुर्बिणीत डोळ्याकडचं भिंग अंतर्गोल होतं आणि हा ठिपका नळीच्या आतच पडायचा. तिथे डोळा नेता येत नाही, म्हणून दृश्य चिंचोळं. केपलरने १६११मध्ये दोन्ही भिंगं बहिर्गोल ठेवायची रचना मांडली. चित्र उलटं झालं, पण ठिपका नळीबाहेर आला, डोळा ठेवता येईल अशा जागी.

खोक्यावर "५२५ पट" लिहिलेली ६० मिलिमीटरची खेळण्यातली टेलिस्कोपही याच हिशेबात बसते. ६० मिलिमीटरचं भिंग सुमारे दोन विकलांइतकंच बारीक वेगळं करू शकतं. आपल्या डोळ्याला एक कला, म्हणजे साठ विकला लागतात. तीसपटीला तो तपशील जेमतेम दिसू लागतो, शंभर-सव्वाशेपटीला आरामात दिसतो. पुढे फक्त धूसरपणा मोठा होतो. ५२५ पटीला ठिपका ०.११ मिलिमीटरचा, आणि त्यातून आपल्याच डोळ्यातले तरंगणारे कण दिसायला लागतात.

चष्मेवाल्यांना दुर्बीण चालत नाही, हेही खरं नाही. चष्म्याची काच डोळ्यापासून बारा-चौदा मिलिमीटर पुढे असते. तो लख्ख ठिपका भिंगापासून पंधरा मिलिमीटर किंवा जास्त दूर पडत असेल तर चष्मा घालून पूर्ण दृश्य दिसतं. या अंतराला आय रिलीफ म्हणतात. विकत घेताना पॉवरच्या आधी हे विचारा. डोळ्याभोवतीची रबरी कड खाली वळवायची, बस्स. साधा जवळचा किंवा दूरचा नंबर असेल तर चष्मा काढूनही चालतं, फोकसचं चाक तेवढी भरपाई करतं. सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर मात्र चष्मा ठेवावा, चाक तो दोष काढत नाही. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याचं स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या भिंगावरची कडी फिरवा. एकदा केलं की झालं. चाळिशीवाल्यांना वाचायचा चष्मा इथे लागतच नाही.

तो का लागत नाही, याच उत्तरात मुलांच्या नंबरचाही खुलासा आहे. नीट फोकस केलेल्या दुर्बिणीतून किरण जवळपास समांतर बाहेर पडतात, जणू दूरच्या डोंगरावरून आल्यासारखे. काच डोळ्याजवळ असली तरी डोळा दूरचंच पाहत असतो, सैल. डोकं दुखतं ते दोन नळ्या एका रेषेत नसल्या तर. पडलेली किंवा स्वस्तातली दुर्बीण असं करते, आणि ती मुलांच्या हातात देऊच नये.

चंद्राने नजर जात नाही. दुर्बीण चंद्राचं बिंब मोठं करते, पण त्याचा एकेक तुकडा नुसत्या डोळ्याला दिसतो त्याहून उजळ करू शकत नाही. चंद्र सूर्यापेक्षा सुमारे चार लाख पटींनी मंद आहे. पाहून झाल्यावर अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतील, एवढंच. सूर्याकडे मात्र दुर्बीण कधीही वळवू नका. डोळ्याकडच्या भिंगावर बसवायची काळी काचही नको, ती उष्णतेने तडकते.

त्या मुलीच्या आईला काल फोन केला. ८×४२ बाजूला काढून ठेवली आहे, रबरी कड खाली वळवून. रविवारी साडेसहाला रायबंदरच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर दोघी येणार आहेत, चष्म्यासकट.