आधी रंगमंच कोण ढकलणार ते सांगा

बालगंधर्व रंगमंदिर पाडून तिथे नवं संकुल बांधायचं, हा विषय पुण्यात अधूनमधून डोकं वर काढतो आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर तेच भांडण नव्याने होतं. या खेपेला दादाने, म्हणजे कोथरूडच्या मावसभावाने, थेट माझ्यावर नेम धरला. ‘तुमच्या जपानने टोकियोचं काबुकीझा नाट्यगृह २०१० साली पाडलं आणि २०१३ मध्ये मागे २९ मजली टॉवरसकट नवं उघडलं. आपल्यालाच मेलं जुन्याचं कौतुक!’

‘तुमच्या जपानने’ हे डोक्यात गेलं. ओसाकाच्या ऑफिसात ‘तुमच्या इंडियात’ आणि घरच्या ग्रुपवर ‘तुमच्या जपानमध्ये’. आमचं नक्की काय, ते कुणीच सांगत नाही.

माहिती खरी आहे. पण काबुकीझा १९२१ ला जळालं, पुन्हा बांधत असतानाच १९२३ च्या भूकंपाच्या वेळी परत जळालं, १९४५ च्या बॉम्बवर्षावात बेचिराख झालं. पुन्हा उभं राहायची त्याला सवयच आहे. ते चालवते शोचिकु ही खासगी कंपनी, महापालिका नव्हे. आणि दादाने सोयीस्कर गाळलेली गोष्ट अशी, की टोकियोचंच राष्ट्रीय नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झालं, निविदा काढल्या तर कंत्राटदारच मिळेना. हे मी ग्रुपवर जरा जास्तच हौसेने टाकलं.

त्याने टोकियो दाखवलं, तर मी कोतोहिरा दाखवतो. एप्रिलमध्ये ओकायामाला नानपू एक्सप्रेस पकडून शिकोकू बेटावर उतरलो. गाव कोनपिरा देवस्थानाचं, मुख्य देवळापर्यंत ७८५ पायऱ्या. आपल्याकडे जत्रेत तमाशाचे फड लागतात तशी इथे यात्रेकरूंसाठी नाटकं व्हायची, जत्रेपुरती थिएटरं उभारायची आणि मोडायची. मग १८३५ मध्ये कायमचं नाट्यगृह बांधलं. ते कानामारुझा, काबुकीचं, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाटकाचं, जपानमधलं उभं असलेलं सर्वांत जुनं थिएटर.

आत शिरायचं दार इतकं बुटकं की भल्याभल्यांना वाकावं लागतं. चपला-बूट काढून पिशवीत घालायचे आणि लाकडी पट्ट्यांनी आखलेल्या चौकोनात मांडी घालून बसायचं. पाठ टेकायला काही नाही, शेजाऱ्याचा गुडघा आपल्या बरगडीत. बालगंधर्वच्या खुर्च्यांवरून कुरकुरणाऱ्यांना इथे एक अंक बसवायला हवं. पण अंधार करायची वेळ आली की दोन्ही बाजूंच्या वरच्या खिडक्यांपाशी माणसं धावतात, फळ्या सरकवत जातात, आणि दिवसाउजेडी सभागृह पुढून मागे काळं होत येतं. फिरता रंगमंचही माणसंच फिरवतात. खाली ‘नाराकु’ नावाचं दगडी तळघर आहे. तिथे लाकडी दांड्यांना खांदा लावून गावातली पोरं सगळं नेपथ्य नटांसकट गोल ढकलतात. नाराकु म्हणजे नरक, आपलाच शब्द बौद्ध धर्माबरोबर इकडे आलेला. महोत्सव नसतो तेव्हा तिकीट काढून खाली उतरता येतं. मी उतरलो होतो. ताठ उभं राहता येत नाही, आणि दांड्या हाताळून हाताळून गुळगुळीत झाल्या आहेत.

बाहेरची माणसं बेशुद्ध पडायची शिल्लक राहतात. ‘बघा, जपानी लोकांनी कसं जपलंय!’ अहो, जपलं कुठे? मधल्या काळात तिथे सिनेमे लागायचे, मग तेही थांबलं आणि इमारत मोडकळीला आली. १९७० मध्ये सरकारने महत्त्वाची सांस्कृतिक वास्तू ठरवलं, मग १९७२ ते १९७६ मध्ये खांब-तुळया उतरवून डोंगराच्या उतारावर पुन्हा उभारलं. म्हणजे एका अर्थी पाडलंच की! नुसत्या इमारतीने नाटक सुरू झालं नाहीच; १९८५ पासून दर वसंतात काबुकीचा महोत्सव भरू लागला तेव्हा कुठे तिला जीव आला. महोत्सव करोनाने चार वर्षं बंद होता, २०२४ ला परत उभा राहिला. का? तर खिडक्या सरकवणारी, दांड्या ढकलणारी, प्रेक्षकांना जागेवर नेऊन बसवणारी माणसं अजून हौसेने येतात म्हणून.

आपल्याकडे वाद कशाचा, तर पाडा की ठेवा. एसी चालतो का, स्वच्छतागृह कोण धुणार, प्रकाशयोजनेला कायम नोकरीतला माणूस किती दिवस टिकणार, यावर कुणी गळे काढत नाही. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी उभारलेलं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हा अख्खं गाव हळहळलं. ती हळहळ खरी होती. पण आग लागायच्या आधीही तिचा उपयोग झाला असता.

हे सगळं लिहिल्यावर दादाचं एका ओळीत उत्तर आलं. ‘मग तू येतोस का ढकलायला?’

झोंबलं. कोतोहिरात नट पुष्पपथावर, म्हणजे प्रेक्षकांतून रंगमंचाकडे जाणाऱ्या वाटेवर, थबकला की मागून जाणकार त्याच्या घराण्याचं नाव पुकारतात, ‘ओतोवाया!’ नेमक्या श्वासावर. मला ते नाव माहीत असतं, जागाही कळते, पण तोंड उघडत नाही. इतकी वर्षं काढून तेवढा हक्क वाटत नाही. बालगंधर्वमध्ये मी बाल्कनीतून ‘वन्स मोअर’ ओरडायचो तेव्हा कुणाची परवानगी विचारली नव्हती. ते रंगमंदिर मी सोडलं तसंच राहावं, ही माझी खरी इच्छा. आणि डिसेंबरात दोन आठवडे येणाऱ्याने तशी इच्छा धरणं दादाला चैन वाटते, हेही मला कळतं.

तरी आईच्या फ्लॅटचा मिळकत कर दरवर्षी इथूनच भरतो, तेव्हा एवढं विचारणारच. त्या नव्या संकुलाच्या आराखड्यात पार्किंगचे आकडे आहेत, तसे रंगमंच कामगारांचे आहेत का? दादा, आता तू उत्तर दे.