शेवटच्या पंगतीतली डुकरीण: डॉक्टरसाहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टरसाहेब,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना माझीच एक चूक सापडली, म्हणून दोन ओळीत न उरकता सविस्तर लिहितोय.

ज्यांनी मागचा लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी: मी क्वीन्सलंडमधल्या एका वराहपालन केंद्रावर काम करतो. तिथल्या गाभण डुकरिणी गटात मोकळ्या राहतात. त्यांच्या खाण्याच्या सवयी काही अंशी आनुवंशिक असतात, त्यांची हेरिटॅबिलिटी (आनुवंशिकतेचं मोजमाप) 0.2 आहे, असं मी लिहिलं होतं. यंत्रावर कोण कितवी खायला येते त्याच्या यादीत एक पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच गाभण असलेली डुकरीण, रोज सत्तावन्नावी येते, हेही सांगितलं होतं. त्यावर डॉक्टरसाहेब म्हणतात, भूक ती भूक, तिला कसली आलीये आनुवंशिकता? हेरिटॅबिलिटी 0.2 म्हणजे नगण्य, 80 टक्के दोष शेडचा, मग आधी शेड सुधारा. 'हिचं रक्तच भित्रं' असं एकदा ठरवलं की मालक हात झटकून मोकळा. आणि जाताजाता आमच्या मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयावरून टोला: "परळला शिकलेलं सगळं विसरलात वाटतं."

विसरलो नाही, पण चुकलो जरूर. "पाचातल्या एका डुकरिणीची सवय जन्मजात असते" असं मी लिहून बसलो होतो. ते साफ चूक. 0.2 हा आकडा कुठल्याही एका डुकरिणीबद्दल काहीच सांगत नाही. कळपात एकीत आणि दुसरीत जो फरक दिसतो, त्या फरकातला पाचवा हिस्सा पुढच्या पिढीत उतरू शकणाऱ्या जनुकांचा, एवढाच त्याचा अर्थ. तोही त्या कळपापुरता, त्या शेडपुरता. ते वाक्य काल काढून टाकलं.

पण मग "80 टक्के दोष शेडचा" हे तुमचं गणितही त्याच चालीचं झालं ना? सगळ्या जणी एकाच शेडमध्ये आहेत. शेड सगळ्यांनाच सारखी वाईट असेल, तर तिचा वाईटपणा त्या फरकात दिसणारच नाही. उरलेल्या हिश्शात वेत, गटातला मान, त्या दिवशी दुखणारा पाय, मोजमापातली गफलत असं सगळं येतं. शेड वाईट आहे की नाही, हे बघायला शेडमध्येच जावं लागतं.

तर चला शेडमध्ये. साठेक डुकरिणींना खाण्याचं यंत्र एकच. एक आत शिरली की मागचं दार बंद होतं, कानातला बिल्ला वाचला जातो आणि तिच्या नावचा दिवसाचा खुराक गव्हाणीत थोडा थोडा पडू लागतो. सव्वादोन-अडीच किलो. त्यात ज्वारी, गहू, जव. हो, आपली ज्वारीच. इथं ती भाकरीसाठी नव्हे, मुख्यतः जनावरांसाठी पिकते. खुराक संपला की पुन्हा आत गेलं तरी काही मिळत नाही. तरी काही जणी दिवसात चारचारदा जाऊन रिकामी गव्हाण चाटून येतात.

भुकेबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. गाभण डुकरिणीला मनसोक्त खाऊ दिलं तर ती फार लठ्ठ होते आणि व्यायला त्रास होतो, म्हणून मोजून देतात, आणि त्या मोजण्यात तिचं पोट भरत नाही. युरोपच्या कायद्यात तर चोथायुक्त खाद्य देणं बंधनकारकच आहे, कारणासकट: भूक भागावी आणि चघळायला मिळावं म्हणून. आम्ही लसूणघास टाकतो. टाकली की यंत्रापुढची ढकलाढकली कमी होते. तिथे जनुकं बदलायची गरज नाही, घास टाकायची आहे.

मग आनुवंशिकता येते कुठे? पंगत आठवा. प्रत्येकाच्या पानात मोजून दोनच पोळ्या वाढल्या, तर कोणाची भूक किती, हे पानावरून कळणार नाही. कळेल ते एवढंच, की पहिल्या पंगतीला कोण बसलं आणि कोणी किती भरभर जेवलं. आमच्याकडे तेच होतं. रोज किती खाल्लं यात फरक जवळजवळ नसतो, कारण तो यंत्रानेच पुसलेला असतो. मग त्यात आनुवंशिक काय सापडणार? फरक दिसतो तो नंबरात आणि वेळेत.

पण या दोन गोष्टी एका जातीच्या नाहीत. नंबर बराचसा मानाचा असतो. चौथ्या-पाचव्या वेताच्या थोराड डुकरिणी यंत्र सुरू व्हायच्या आधीच दारात आडव्या पडलेल्या असतात, आणि पहिलारू मध्ये घुसली तर मागून चावा बसतो. खाण्याचा वेग मात्र वेतागणिक बराच टिकतो. एकीचं असं टिकणं म्हणजे अजून आनुवंशिकता नव्हे. त्यासाठी एकाच नराच्या, वेगवेगळ्या आयांच्या लेकी शेजारीशेजारी ताडून बघाव्या लागतात. पण जे एकाच जनावरात टिकत नाही, ते लेकींत कुठून उतरणार?

0.2 "नगण्य" हेही मान्य नाही. एका वेतात किती पिलं होतात याची हेरिटॅबिलिटी 0.1 च्या आसपास. तेवढ्यावर डेन्मार्कवाल्यांनी नव्वदच्या दशकातली 11-12 जिवंत पिलं 17 च्या वर नेली, अर्थात निवडीबरोबर चांगल्या व्यवस्थापनाच्याही जोरावर. डुकरिणीला सड मात्र चौदा-सोळाच, तो वेगळा विषय.

तुमची खरी भीती मालक मोकळा होण्याची आहे. मला उलटी भीती वाटते. उद्या कोणी म्हणालं, "जी रोज पहिली खाते ती तरतरीत, तिच्या लेकी ठेवा", तर आपण तरतरीतपणा निवडू की दांडगाई? युरोपात 2013 पासून गाभणपणाचा बहुतेक काळ गटात ठेवणं सक्तीचं झालं. ऑस्ट्रेलियातल्या उद्योगाने 2010 मध्ये ठरवलं, की 2017 पर्यंत पिंजरे सोडायचे. त्याआधी कित्येक पिढ्या निवड झाली ती एकेकट्या पिंजऱ्यात जेवणाऱ्या डुकरिणींतून. शेजारणीला चावणारी कोण, हे तेव्हा कोणी बघितलंच नाही. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी कोंबड्यांत वेगळी वाट धरली: एकटी कोंबडी न निवडता पिंजऱ्यातला अख्खा गट निवडला. चोची न कापलेल्या (एकमेकींना टोचून मारू नये म्हणून त्या एरवी कापतात) त्या कोंबड्यांतली वार्षिक मरतूक काही पिढ्यांत 68 टक्क्यांवरून 9 च्या आसपास आली. तेव्हा माझं म्हणणं इतकंच, की डुकरिणीचं स्वतःचं खाणं मोजताना तिच्यामुळे बाकीच्यांच्या खाण्याचं काय होतं, तेही मोजा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: यादीत रोज सत्तावन्नावी येणारी ती पहिलारू, तिला "नशिबावर सोडलंत का?" नाही सोडलं. ती दुपारी दोनच्या पुढे, सगळ्या झोपल्यावर यायची, अठरा मिनिटं सावकाश खायची आणि कण न सोडता बाहेर पडायची. पाठीवरची चरबी तपासली, ठीक होती. पाय तपासले, तेही ठीक. म्हणून वेगळी काढली नाही. आता ती दुसऱ्या वेताला गाभण आहे आणि गटात नव्या पहिलारू आल्या आहेत. काल यादीत तिचा नंबर एकविसावा होता. वेळ सतरा मिनिटं.