'लिंक ठेवा, फाईल पुसा' हा सल्ला ऐकू नका

आत्याच्या फोनवर आलेला मेसेज असा: 'इंटरनेटवर गेलेलं कायमचं राहतं. लिंक उघडत नसेल तर माहिती दडपली आहे. आधी कॅशे साफ करून बघा. पीडीएफ साठवून फोन भरू नका, लिंक पुरे.' त्यावर विसंबून ती फायली पुसायला निघाली होती. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी निदान पाच-सात वर्षांपूर्वीच्या चार लिंका उघडून पाहायच्या होत्या!

'कायमचं राहतं.' प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२४ मधल्या पाहणीत, २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी मिळेनाशी झाली होती. एवढं खरं, की व्हायरल झालेला फोटो नंतर आवरत नाही. पण त्याच्या नकला कुठे आहेत, हे मूळ लिंक सांगत नाही.

'दडपली आहे.' क्वचित तसंही होतं. कायदेशीर कारणाने रोखलेल्या पानासाठी ४५१ हा वेगळा एरर-कोडही आहे. ४०४ हा कोड दिसला तर साइटचा सर्व्हर (पानं पुरवणारा संगणक) चालू आहे, पण त्या पत्त्यावर पान नाही. पुष्कळदा वेबसाइट नव्याने बांधताना पत्ते बदलतात आणि जुन्यावरून नव्याकडे आपोआप वळवणारी सोय (३०१ रीडायरेक्ट) लावायची राहून जातं. अशा वेळी त्याच साइटवर शीर्षक टाकून शोधा, पान बरेचदा सापडतं.

'कॅशे साफ करा.' कॅशे म्हणजे ब्राउझरने फोनवर साठवलेल्या प्रती; त्या साफ केल्याने ४०४ सहसा जात नाही.

'लिंक पुरे.' सगळ्यात घातक हेच. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, भाड्याचं असतं. नूतनीकरण चुकलं, मुदती उलटल्या, की ते कुणीही घेऊ शकतं. मग तुमच्याकडची तीच लिंक व्यवस्थित उघडते, पण समोर जुगाराची जाहिरात किंवा पासवर्ड मागणारं बनावट पान येतं. डोमेन शाबूत असलं तरी त्याच पत्त्यावरचा मजकूर गुपचूप बदलू शकतो, तेव्हा तर एररसुद्धा दिसत नाही. छोट्या केलेल्या लिंकमध्ये धोका दुप्पट: मूळ साइट टिकायला हवी आणि लिंक छोटी करून देणारी सेवाही. म्हणून ती उघडून पूर्ण पत्ता साठवा.

पीडीएफ ठेवाच. वेबपान असेल तर प्रिंटमधून पीडीएफ करा, सोबत शीर्षक, लेखक आणि पाहिल्याची तारीख लिहा. सार्वजनिक पान असेल तर वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटच्या 'सेव्ह पेज नाऊ'मध्ये पत्ता टाका, मिळालेली तारखेची लिंक मूळ लिंकशेजारी ठेवा, आणि ती एकदा उघडून तपासा. लॉगिनमागचं पान तिथे साठत नाही, व्हिडिओही अनेकदा निसटतो. त्यांची प्रत स्वतःकडेच हवी.