‘ज्यांना ६०० परवडत नाही…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या महिन्यात मी पहिली लांब लेन्स कोणती घ्यावी यावर लिहिलं आणि निकॉनची २००-५०० एफ ५.६ सुचवली. (नवख्यांसाठी : २००-५०० म्हणजे मिलिमीटर, आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं. एफचा आकडा जेवढा लहान, तेवढा लेन्समध्ये उजेड जास्त.) त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं : लेन्सचं वजन चुकीचं दिलंय. ऑटोफोकस हळू आहे हे लपवलंय. मिररलेसबद्दल, म्हणजे आतला आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांबद्दल, एक ओळ नाही, त्यांच्यासाठीच्या निकॉन १८०-६०० चं नावसुद्धा नाही. ५०० वरून ६०० ला गेलं की पक्षी फोटोत क्षेत्रफळाने ४४ टक्के मोठा येतो, एवढा साधा हिशेब लेखिकेने केलेला दिसत नाही. आणि मग शेवटचं वाक्य : ‘ताई, राग मानू नका, पण ज्यांना ६०० परवडत नाही तेच ५०० पुरतं म्हणतात.’

राग आला. मानू नका म्हणून सांगितलं की तो येत नाही असं थोडंच आहे? ज्याला खरंच समोरच्याला दुखवायचं नसतं, तो वाक्य बदलतो. आधी माफी मागून मग तेच वाक्य लिहीत नाही. मी इथे अकरा वर्षं लिहिते आहे. ‘तुमचं चुकलं’ असं मला शंभर जणांनी सांगितलं असेल, आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडून मी शिकले. माझ्या खिशात हात घालून माझं मत कुठून आलं ते शोधणारे तुम्हीच पहिले.

वजनाचं तुमचं बरोबर आहे. मी २०९० ग्रॅम लिहिलं होतं, ते ट्रायपॉड कॉलर, म्हणजे लेन्स ट्रायपॉडला बसवायची कडी, काढून. कॉलरसकट २३०० भरतात, आणि कॉलर काढून ही लेन्स फारसं कोणी वापरत नाही, मीही नाही. चूक माझी, मूळ लेखात आकडा दुरुस्त केला आहे.

ऑटोफोकसचं मी लपवलं नाही, लिहायचं राहिलं. ६ मीटरच्या आतलं शोधू नको असं लेन्सला सांगणारा स्विच बॅरलवर आहे. तो लावला की चाचपडणं बरंच कमी होतं. १८०-६०० ही २०२३ ची लेन्स, तिच्यासाठी आधी झेड माउंटची, म्हणजे निकॉनची मिररलेस बॉडी लागते. माझा लेख ज्यांच्याकडे जुना डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) आहे त्यांच्यासाठी होता. तसं शब्दांत लिहिलं नव्हतं हे खरं, पण वाचणाऱ्याला ते कळायला हरकत नव्हती. मिररलेस आहे त्यांनी २००-५०० ला अडॅप्टर लावावा. या तीन गोष्टींवर याहून जास्त वेळ घालवण्याची माझी इच्छा नाही.

आता ते वाक्य. तुम्हाला ते टाइप करायला पाच सेकंद लागली असतील. मी ते २०१४ पासून ऐकते आहे.

त्या वर्षी मे महिन्यात मी ताडोब्याला एका फोटो टूरवर गेले. मी बँकेत क्लार्क आहे, दौंडला राहते. त्या टूरचे पैसे दोन वर्षं भिशी लावून जमवले होते. लेन्स होती ७०-३००. पहिल्या सकाळी जिप्सीत चढताना आयोजक म्हणाले, ‘मोठ्या लेन्सेस कडेला येऊ द्या.’ माणसं म्हणाले नाहीत, लेन्सेस म्हणाले. मला मधली जागा मिळाली, चारही सफारींना तीच. ज्यांनी जिप्सीत मधे बसून फोटो काढलेत त्यांना सांगायला नको, दोन्ही बाजूंना कोणाची तरी कोपरं आणि समोर कोणाची तरी टोपी. पैसे सगळ्यांनी सारखेच भरले होते. दुपारी जेवताना माझ्याशी लेन्सबद्दल कोणी बोललं नाही, ‘पुढच्या वेळी काहीतरी बरं घेऊन या’ एवढंच एकाने सांगितलं. सूर अगदी तुमच्या वाक्याचा होता, प्रेमळ आणि वरून.

तिसऱ्या फेरीला वाघीण बांबूतून रस्त्यावर उतरली आणि सरळ आमच्या दिशेने चालत आली. कडेच्या दोघांकडे ६०० होत्या. वाघीण पंधरा मीटरवर आली तेव्हा ६०० च्या चौकटीत, मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम कॅमेरा असला तरी, मीटरभरसुद्धा रुंदी मावत नाही. त्यांना कान मिळाले, डोळे मिळाले, मिशा मिळाल्या. माझ्याकडे अख्खी वाघीण आली, पंजाखाली उडालेली धूळ, मागे वाळलेला बांबू, आणि तिच्या मागे रस्त्याचं वळण. तो फोटो मी त्या दोघांच्या खांद्यांच्या फटीतून काढला. आजही तो माझ्या घरात भिंतीवर आहे.

पुढे २००-५०० बाजारात आली आणि २०१६ च्या दिवाळीत मी घेतली. तिच्यातलं २०० एमएमचं टोक मला शेवटच्या १०० एमएमपेक्षा जास्त मोलाचं का वाटतं, ते या वाघिणीमुळे. पाणवठ्यावर, रस्त्यावर जनावर जवळ येतं तेव्हा मागे जायला जिप्सीत जागा नसते.

‘पण मी वाघाचं नाही, पक्ष्यांचं बोललो’ असं तुम्ही म्हणाल. पक्ष्यांचंच बोलू.

तुमचा ४४ टक्क्यांचा हिशेब बरोबर आहे. तो मी केला होता. त्याच हिशेबाला दुसरीकडून बघा : ६०० ने ३० मीटरवरचा पक्षी जेवढा दिसतो, तेवढाच ५०० ने २५ मीटरवरचा. मधलं अंतर पाच मीटर. साधी ६०० नको, एफ ४ ची हवी म्हणाल, तर त्या पाच मीटरसाठी दहा लाखांच्या वर मोजायचे. स्वस्तातली ६०० घेतलीत तर एफ ६.३ वर समाधान मानायचं, म्हणजे पहाटेच्या उजेडात आणखी एक तृतीयांश स्टॉप उजेड गेला.

हे पाच मीटर मी कसे मिळवते ते सांगते. वेडा राघू फांदीवरून उडतो, हवेतच किडा पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच फांदीवर परत येतो. एकदा त्याची फांदी कळली की त्याच्या मागे धावायचं नाही, तो नसताना फांदीच्या जवळ जाऊन बसायचं आणि हलायचं नाही. खंड्याचंही तसंच, त्याचा एखादा खुंट ठरलेला असतो. माळावरचा धाविक पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. तुम्ही उभ्याने त्याच्याकडे चालत गेलात तर तो तेवढंच अंतर कायम राखतो. कडबनवाडीच्या माळावर मी पोटावर आडवी पडले, कॅमेरा तांदूळ भरलेल्या पिशवीवर टेकवला आणि चाळीस मिनिटं तशीच राहिले. धाविक चरत चरत स्वतःच माझ्याकडे आला, शेवटी इतका जवळ की मला झूम ४०० वर आणावा लागला. कोपरं सोलली, कुसळं कपड्यांत आठवडाभर निघत होती. पण त्या चाळीस मिनिटांत मला धाविक कसा चरतो, कशाला दचकतो, कुठल्या आवाजाकडे लक्ष देत नाही हे कळलं. गाडीच्या खिडकीतून ६०० लावून टिपला असता तर फोटो कदाचित तसाच आला असता. पक्षी कळला नसता.

याची सवय लागायला वर्षं जातात. माझी गेली. दुसरा आणि चौथा शनिवार, थंडीचे महिने, पहाटेची पॅसेंजर, भिगवणला उतरून कुंभारगावपर्यंत मिळेल ते वाहन, आणि तिथून होडी. उजनीच्या पाण्यावर रोहित कुठे उतरतात, पाणी ओसरलं की चिखलाच्या कोणत्या जिभेवर तुतारी आणि शेकाटे गोळा होतात, हे मला कुठल्या लेन्सने शिकवलं नाही. नावाड्यांनी शिकवलं. होडीचं इंजिन कुठे बंद करायचं आणि कुठून बांबूने ढकलत न्यायची हे ज्या नावाड्याला कळतं, तो तुम्हाला पाच नाही, पंधरा मीटर मिळवून देतो.

आणि ६०० मला ठाऊकच नाही असंही समजू नका. २०१९ च्या जानेवारीत मी तीन दिवसांसाठी ६०० एफ ४ भाड्याने आणली होती. ३८१० ग्रॅम. काच अप्रतिम, त्याबद्दल माझा काही वाद नाही. नदी सुरयचा एक फोटो असा आला की पिसाची कड न् कड मोजून घ्यावी, आणि तसा फोटो माझ्या लेन्समधून आजवर आलेला नाही. पण होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, होडी डुलली की तोही डुलतो. हातात धरली तर दहाव्या मिनिटाला दंड थरथरायला लागतात. दुसऱ्या दिवशी ऑस्प्रेने आमच्यापासून जेमतेम वीस मीटरवर पाण्यात सूर मारला आणि मासा घेऊन वर आला, तेव्हा ती लेन्स माझ्या मांडीवर होती. उचलेपर्यंत तो पलीकडच्या काठावर. २३०० ग्रॅम मी दिवसभर उचलते. तेव्हा माझ्या दंडांबद्दल आता दुसरी प्रतिक्रिया नको.

लांबीबद्दल आणखी एक गोष्ट, जी ६०० चं गुणगान करणारे क्वचितच सांगतात. माळावर फेब्रुवारीत साडेनऊ-दहा वाजले की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरायला लागते. दीडशे मीटरवरच्या चिंकाऱ्याचे पाय पाण्यात उभे असल्यासारखे दिसतात. प्रकाशच वाकडातिकडा होऊन येतो, मग ५०० लावा, ६०० लावा की ८००, ती थरथरच मोठी होऊन फोटोत येते. व्हीआर, म्हणजे हाताची थरथर सावरणारी लेन्समधली सोय, तिथे काही करू शकत नाही, कारण हलतोय तो तुमचा हात नसतो. लोक घरी येऊन फोटो बघतात आणि म्हणतात लेन्स सॉफ्ट आहे, धूसर फोटो देते, मग आणखी महाग लेन्स घेतात. मी अशा तिघांना ओळखते. त्यांना लेन्स बदलायची नव्हती, सकाळी लवकर उठायचं होतं आणि जवळ जायचं होतं.

लांब लेन्स असली की माणूस लांबून फोटो काढतो, पक्ष्याला त्रास कमी होतो, असं एक समर्थन नेहमी दिलं जातं. घरट्याच्या बाबतीत माझा नियम सरळ आहे, तिथे फोटोच काढायचा नाही, लेन्स कितीही लांब असो. एरवी मात्र मी उलटंच पाहिलं आहे. ६०० वाल्याला पूर्ण पक्षी मिळाला की त्याला डोळ्यातलं प्रतिबिंब हवं असतं, आणि तो नावाड्याला ‘अजून थोडं पुढे घे’ म्हणतो. थवा उठतो. बारहेडेड गूज, हे स्थलांतरी हंस, हिमालय ओलांडून आलेले असतात, तिथे विसावलेले असतात, आणि एका सकाळी चार-चार वेळा त्यांना उठवलं जातं. प्रत्येक जण असं करतो असं माझं म्हणणं नाही. तुम्ही करत असाल असंही मी म्हणत नाही, तुम्हाला मी ओळखत नाही. तुम्हीही मला ओळखत नव्हतात.

हो, मला एफ ४ ची ६०० परवडत नाही. हे मी कधी लपवलेलं नाही. पण उद्या कोणी ती मला फुकट दिली तरी माझ्या लेखातलं पहिल्या लेन्सबद्दलचं एकही वाक्य मी बदलणार नाही. वजनाचा आकडा सोडून, तो बदलला आहे.

एवढं लांब उत्तर मी केवळ तुमच्यासाठी लिहिलेलं नाही. त्याच लेखाखाली तुमच्या आधी एका मुलीने विचारलं होतं की तिच्याकडे निकॉनचा डी७२०० कॅमेरा आहे, शिकवण्या घेऊन पैसे साठवले आहेत, सेकंडहँड २००-५०० घेऊ का. मी तिला सविस्तर उत्तर द्यायचं ठरवलं होतं. मधे तुमचं वाक्य आलं. त्यानंतर तिने काही विचारलेलं नाही.

तर तुला सांगते. घे. विकणाऱ्याकडे दिवसाच जा. लेन्सच्या पुढून टॉर्च मारून मागच्या बाजूने आत बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, कितीही स्वस्त देत असला तरी घेऊ नकोस. थोडी धूळ असेल तर घाबरू नकोस, आतबाहेर होणारा झूम आहे, धूळ जातेच. झूम रिंग २०० पासून ५०० पर्यंत दोन-तीनदा फिरवून बघ, मधे कुठे अडकता कामा नये. व्हीआर चालू करून कान लावून ऐक, बारीक गुणगुण चालेल, खडखड नको. पावसाळ्यात ती बॅगेत कोंडून ठेवायची नाही, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवायची, आणि जेल गुलाबी किंवा हिरवट झालं की तापवून पुन्हा कोरडं करायचं. आणि येत्या थंडीत कुठल्याही दुसऱ्या शनिवारी भिगवणला ये. होडीत मधे बसायची वेळ तुझ्यावर मी येऊ देणार नाही.