परंपरेला वयाचा दाखला कशाला?

मार्गो ॲडलर या अमेरिकी रेडिओ पत्रकार बाईंचं ‘ड्रॉइंग डाउन द मून’ हे पुस्तक १९७९ साली आलं. चर्चच्या बाहेर राहून निसर्गाला, ऋतूंना आणि जुन्या देवीदेवतांना भजणाऱ्या आधुनिक पेगन लोकांची ओळख करून घ्यायची असेल, तर इथे अजून हेच पुस्तक सुचवलं जातं. मी मिनेसोटात राहते. आमच्या ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनीॲपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत, ही मंडळी इतकी आहेत की त्यांनी या भागाला ‘पेगनिस्तान’ असं नाव दिलंय. बऱ्याच वर्षांनी ते पुस्तक पुन्हा वाचलं आणि वाचताना मन सारखं महाराष्ट्रातल्या वादांकडे जात राहिलं.

पुस्तकाचा काही भाग आता जुना झालाय. शेवटी दिलेली गटांची आणि मासिकांची पत्त्यांसकट यादी आज कामाची नाही. गोऱ्या मध्यमवर्गाबाहेरची माणसं त्यात फारशी दिसत नाहीत. पण एका बाबतीत ते आजही धीट वाटतं. या पेगनांमधला सर्वांत मोठा पंथ विक्का. १९५४ साली जेराल्ड गार्डनर या निवृत्त ब्रिटिश कस्टम अधिकाऱ्यानं लिहिलं की, ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून लपतछपत चालत आलेला हा चेटकिणींचा धर्म आहे. त्याला आधार होता मार्गारेट मरे या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९२१ मध्ये मांडलेल्या अशाच सिद्धांताचा, आणि तो सिद्धांत पुढे इतिहासकारांच्या कसोटीवर टिकला नाही. ॲडलर स्वतः या वाटेवरच्या दीक्षित पुरोहित. तरीही अखंड परंपरेच्या या कथेला इतिहासाचा आधार नाही, हे त्यांनी आपल्याच लोकांसमोर सरळ मांडलं. लोक पंथ सोडून गेले नाहीत. पौर्णिमेचा विधी आम्हाला काही देतो म्हणून आम्ही तो करतो, तो किती जुना आहे याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही, असं म्हणणारी माणसं पुस्तकात पानोपानी भेटतात.

त्यातली मला सर्वांत आवडलेली हकीकत आमच्याच राज्यातली. नॉर्थफिल्ड गावच्या कार्लटन कॉलेजात धार्मिक सभेला हजर राहण्याची सक्ती होती. १९६३ साली काही विद्यार्थ्यांनी तिचा निषेध म्हणून प्राचीन केल्टिक पुरोहितांच्या नावावरून ‘ड्रुइड’ पंथ काढला आणि टेकडीवर उपासना सुरू केली. सगळा मामला थट्टेचा. वर्षभरात सक्ती उठली, म्हणजे पंथाचं कामही संपलं होतं. पण मुलं टेकडीवर जातच राहिली. निसर्ग चांगला आहे, या साध्या तत्त्वावर तो पंथ पुढे पसरला. स्थापनेची तारीख ठाऊक आहे, कारणही ठाऊक आहे, आणि तरी ती उपासना खरी आहे.

या लोकांना हक्क मिळाले तेही वय सिद्ध करून नव्हे. अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या एका विक्कन सैनिकाच्या स्मृतिफलकावर पंचकोनी तारा कोरायला सरकार तयार नव्हतं. त्याची बायको लढली, प्रकरण कोर्टात गेलं आणि २००७ मध्ये सरकारनं ते चिन्ह मान्य केलं. देशासाठी जीव दिलेल्या माणसाची ती श्रद्धा होती, एवढं पुरेसं ठरलं.

आपल्याकडे मात्र प्रत्येक वादात आधी वय काढलं जातं. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांनी जावं की नाही यावरून रान पेटलं, तेव्हा ‘चारशे वर्षांची परंपरा’ हे उत्तर येता-जाता ऐकू येत होतं. चारशे वर्षं खरी की खोटी, यावरही लोक हिरिरीनं भांडले. मुंबई उच्च न्यायालयानं मात्र मंदिरप्रवेशाच्या १९५६ च्या कायद्याची आठवण करून दिली आणि २०१६ च्या गुढीपाडव्याला चौथरा बायकांना खुला झाला. परंपरा चार हजार वर्षांची असती, तरी बायकांना अडवणं तितकंच चूक ठरलं असतं. आणि ती कालची असती तरी शनीपुढे मनापासून हात जोडणाऱ्याची श्रद्धा कमी झाली नसती.

अमेरिकेतलं सगळं इथून उचलून तिकडे नेता येणार नाही, हे मला कळतं. इथे पेगन गट न पटला तर माणूस पुढच्या महिन्यापासून जात नाही, संपलं. आपल्याकडे परंपरेला जात, भावकी, जमीन आणि देवस्थानचं उत्पन्न चिकटलेलं असतं. परंपरा मोडणाऱ्याला गाव वाळीत टाकू शकतं, म्हणून तर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. म्हणूनच जुनेपणाचा दावा आपल्याकडे जास्त कसून तपासायला हवा. तो बहुतेक वेळा कुणाला तरी दाराबाहेर ठेवायला वापरला जातो.

परदेशातल्या आपल्या मंडळींना तर जुनेपणाचा मोह फार. मुलांना काही सांगायचं झालं की ‘हजारो वर्षांपासून’ हे शब्द आधी तोंडात येतात. यंदा मंडळाच्या गणपतीत मुलांसाठी माहितीचा फलक लावायचाय. सार्वजनिक गणेशोत्सव भाऊसाहेब रंगारींनी १८९२ मध्ये सुरू केला की टिळकांनी १८९३ मध्ये, हा पुण्यातला वाद, दोन्ही सालं आणि दोन्ही बाजू त्यावर लिहाव्यात, असं मी सुचवलंय. काही जणांना ते पटलेलं नाही, उत्सव एवढा अलीकडचा आहे हे मुलांना कशाला सांगायचं, असं त्यांचं म्हणणं आहे. मी माझा आग्रह सोडलेला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे.