पीटीचा कागद

आज पालकांच्या ग्रुपवर एका दादांनी टाकलं, "पीटीला पण झेरॉक्स? आता पोरांनी पळायचं पण वाचून का?" खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. तिथं तोंड उघडलं की रात्रीपर्यंत मोबाईल वाजत बसतो. म्हणून इथं लिहिते.

माझी लेक तिसरीत. गेल्या वर्षी पीटीच्या तासाला कायम कडेला उभी. सगळे म्हणायचे, भित्री आहे. भित्री कसली! शिट्टी फुंकत, ओरडून खो-खोचे नियम सांगायचे, त्यात सगळ्या वर्गाचा कलकलाट. खो मिळाल्यावर कुणीकडं पळायचं हेच हिला कळायचं नाही. एकदा खांबापर्यंत न जाताच मागं फिरली. फाऊल! पोरं अंगावर ओरडली. मग पीटीच्या दिवशी सकाळी बरोबर पोट दुखायला लागलं.

यंदा नव्या बाईंनी अर्धा कागद दिला. हातानं काढलेलं मैदान. दोन खांब, मधल्या पाटीत आठ चौकोन, प्रत्येकात एक काडीचं पोरगं. एकाचं तोंड इकडं, शेजारच्याचं तिकडं. खाली चार ओळी: खो पाठीमागूनच द्यायचा, तोंड असेल त्याच बाजूला उठायचं, एकदा दिशा धरली की खांबापर्यंत बदलायची नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. बास. त्या रात्री हिनं फरशीवर खडूनं चौकोन आखले आणि आज्जीला बसवलं! आज्जी गुडघा धरून म्हणतीय, "खो दे की गं लवकर, पाय आखडला."

गणिताला वर्कशीट चालतं, तबल्याच्या क्लासला वही चालते. पीटीला मात्र "जा बॉल घेऊन, खेळा". परीक्षा जवळ आली की तो तासही गणितवाले पळवतात, तेव्हा हे दादा कुठं असतात? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या पोरी आणि पोरं दोन्ही जिंकले, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हा ह्याच ग्रुपवर तिरंग्यांचा पाऊस होता!

आणि हे सोलापूर आहे वो. पूर्वभागात कितीतरी घरात तेलुगू, कुठं कन्नड. मैदानावर ओरडून सांगितलेलं मराठी त्या लेकरांच्या डोक्यावरून जातं. कागद घरी नेऊन चारदा बघता येतो. एप्रिलात पारा चाळिशीच्या पार गेला की पोरांना उन्हात कोण नेणार? तेव्हा तोच कागद फळ्यावर काढून शिकवता येतो.

हां, काही शाळांत कागद वाटून तास वर्गातच उरकतात, हे खरंय. मैदानाची लांबी लिहा, रिकाम्या जागा भरा. असल्या कागदाची होडी करा. पीटीला लेखी मार्क सुरू झाले तर भांडायला मीच पुढं असेन.

लेक काही चॅम्पियन झाली नाही. पळतीच्या डावात सगळ्यात आधी बाद होते. पण चौकोनात नीट तोंड करून बसते, आणि शेजारची चुकीच्या बाजूला बसली तर तिला कोपरानं ढोसते. पोट दुखायचं थांबलंय.

दादा पण वाईट नाहीत म्हणा. दिवसभराची ड्युटी करून आल्यावर माणूस बोलतो काहीतरी. बाईंना विचारलं झेरॉक्सचे पैसे कोण देतं, तर नुसत्या हसल्या. पुढचा कागद लंगडीचा आहे म्हणे. वर्गणी काढायची का ग्रुपवर? दादा, पहिलं नाव तुमचं लिहू?